भुई आपली, भुईची विद्या कोणाची?



शिर्डीच्या जिल्हा बैठकीसाठी हा अंक आपल्या हाती देताना या वेळी आम्ही कांद्याच्या भावावर लिहिणार नाही, वीजबिलावरही लिहिणार नाही. ते विषय बैठकीच्या पत्रिकेवर आहेतच. आज लिहायचे आहे ते एका शाळकरी मुलीच्या वहीविषयी.

गेल्या उन्हाळ्यात राहाता तालुक्यातल्या एका पेरूच्या बागेत आम्ही गेलो होतो. बाग डोळ्यांदेखत सुकत होती. मालकाने तिसरे बोअर घ्यायला गाडी बोलावली होती. आधीची दोन कोरडी गेली होती. पाणाड्याने हातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. दर फुटावर ठरलेला. मागच्या खेपेला फुटांचा हिशेब वाढवून लावला गेला, असा मालकाचा संशय. म्हणून या वेळी त्याने नववीतल्या मुलीला वही देऊन गाडीजवळ बसवले. किती रॉड खाली गेले तेवढे मोजायचे, एवढेच तिचे काम.

संध्याकाळी तिसरे बोअरही कोरडे गेले. हिशेबासाठी वही उघडली. रॉडच्या आकड्यांपुढे मुलीने, कोणी सांगितलेले नसताना, बाहेर उडणाऱ्या भुकटीचा रंग लिहिला होता. आधी पिवळसर मुरूम. मग काळी भुकटी. मग काळ्यात पांढरे ठिपके. मग लाल आणि ओलसर. त्यानंतर पुन्हा काळी, ती शेवटपर्यंत काळीच.

तिने आम्हाला विचारले, "काका, लाल ओलं लागलं तिथं पाणी होतं का? मग त्याच्याखाली कशाला नेलं?"

आम्ही कृषी पदवीधर. मातीचा खड्डा घेऊन तिचे थर वाचायला आम्ही कॉलेजात शिकलो. पण तो खड्डा दीड मीटरचा. त्याखाली काय आहे हे आमच्या अभ्यासक्रमाने आम्हाला विचारले नाही आणि आम्हीही त्याला विचारले नाही. त्या पोरीला आम्हाला खात्रीचे उत्तर देता आले नाही. आधीच्या दोन बोअरची वही असती, तर तिघांची तुलना करून काही सांगता आले असते. ती कोणी ठेवलीच नव्हती. तीन बोअरचे कर्ज मात्र बागेच्या नावावर पक्के लिहिलेले आहे.

आता हा प्रश्न नीट पाहू. आपण ज्या भुईवर उभे आहोत ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची आहे. एकाच वेळी ओतलेला तो गोळा नव्हे. एक लोट आला, थंड झाला, ऊनपाऊस खाऊन वरून कुजला, मग त्यावर दुसरा आला, अशी ही थरांची चळत आहे. प्रत्येक लोटाच्या पोटात घट्ट काळा कातळ, आणि वरच्या अंगाला फुगे अडकून राहिलेला सच्छिद्र खडक. त्या फुग्यांत पुढे पांढरे स्फटिक भरले. मुलीने लिहिलेले पांढरे ठिपके ते हेच. दोन लोटांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा थर सापडतो. घट्ट कातळात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या कुजलेल्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात जितके खोल जावे तितके पाणी, असा जो समज असतो तो आपल्याकडे चालत नाही. वरचे सांधे ओलांडून खाली गेले की बऱ्याचदा घट्ट कातळच लागतो आणि पैसा भुकटी होऊन हवेत उडतो.

हे शास्त्र आपल्या लोकांना अगदीच परके आहे असेही नाही. वडार समाजाच्या किती पिढ्यांनी आपल्या विहिरी खोदल्या! मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या खडक कुठे लागतो, कोणत्या बाजूने उपळ फुटेल, हे त्यांच्या पहारीला कळे. विहिरीची खोली परसात मोजणारा आपला म्हातारा पुस्तक न वाचता थर ओळखत असे. पण ती विद्या कागदावर आली नाही, शाळेत शिरली नाही, आणि विहिरीच्या जागी बोअरची गाडी आल्यावर ती माणसांबरोबर चालली आहे. ज्यांनी भुई फोडली त्यांची पोरे भूशास्त्राच्या वर्गात किती दिसतात? अकोल्याच्या डोंगरातली ठाकर आणि महादेव कोळी मुले, ज्यांच्या घरामागे सह्याद्रीचे कडे थरांसकट उघडे उभे आहेत, त्यांना तो कडा म्हणजे लाखो वर्षांची वही आहे असे कोणी सांगितले? उसाच्या फडात हिंडणारी मजुरांची पोरे, दलित वस्तीतली पोरे, आपल्या घरच्या मुली यांचा दिवस मातीत आणि पाण्याच्या खेपांत जातो. आणि मातीपाण्याच्या विद्येपासून सर्वांत लांब हीच मुले आहेत.

यात त्यांची बुद्धी कमी पडत नाही. दारेच बंद होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली सुरू झाले ते प्रामुख्याने कोळशाच्या शोधासाठी. ही विद्या खाणीशी बांधली गेली, आणि १९५२ च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखालच्या खाणीत कामाला ठेवण्यास बंदी होती. ती सैल व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. जिथे नोकरीच बंद, तिथे बाप मुलीला तो विषय घेऊ देईल कसा? मुलांचेही फार वेगळे नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत भूशास्त्र हा विषय आहे. पण आपल्या तालुक्याच्या कॉलेजात तो शिकवतात का, हे प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन विचारावे. पुढचे शिक्षण शहरात आणि इंग्रजीत. आणि शाळेत जे थोडे खडक शिकवतात ते भूगोलाच्या पुस्तकात रंगीत चित्रात. अग्निजन्य खडकाची व्याख्या पाठ करणारा मुलगा ज्या पायरीवर बसून पाठ करतो ती पायरी अग्निजन्य खडकाचीच आहे, हे त्याला ठाऊक नसते!

यावर उपाय काय? शिष्यवृत्तीची मागणी करावी, जरूर करावी. पण जो विषय मुलाने कधी हाताने केलाच नाही त्याची शिष्यवृत्ती मागायला तो येणार कशाला? आधी हाताला गोडी लागली पाहिजे. आणि हे आम्ही हवेत बोलत नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात हे घडलेले आहे.

शिरूर तालुक्यातले पाबळ हे आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखेच गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत डॉक्टरेट केली, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वर्षानुवर्षे काम केले आणि ते सोडून १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुले त्यांनी घेतली. शिकवणे वर्कशॉपमध्ये, शेतात आणि गोठ्यात. त्याच आश्रमात जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून भूजलाचा अंदाज घेण्याचे स्वस्तातले यंत्र तयार झाले आणि ते चालवायला या मुलांना शिकवले गेले.

हे यंत्र काय करते ते सांगतो, म्हणजे त्यात जादू नाही हे कळेल. एका ओळीत चार लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमध्ये दाब मोजायचा. ओला, कुजलेला खडक वीज सहज जाऊ देतो. कोरडा घट्ट कातळ अडवतो. खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की मोजणी खोल खोल जाते. आकडे कागदावर मांडले की खालच्या थरांची रेघ उमटते. यात फसगतही आहे: खारवट चिकणमातीसुद्धा वीज सहज नेते, तिला पाणी समजून बसाल. म्हणून यंत्राचा आकडा शेजारच्या विहिरीच्या कडेला दिसणाऱ्या थरांशी ताडून पाहायचा असतो. हा ताडून पाहण्याचा भाग ज्याने केला तो मुलगा भूवैज्ञानिकच झाला, पदवी नंतर येवो. पाणाड्याचा नारळ आणि ही खुंटी यांतला फरकही इथेच आहे. नारळ चुकला तर का चुकला हे सांगत नाही. खुंटी चुकली तर वहीत चूक सापडते आणि पुढची जागा निवडताना ती उपयोगी पडते.

दुसरा दाखला आपल्याच जिल्ह्यातला. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पावसाची आणि विहिरींची मोजणी करून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाणी किती ते पाहून पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे गावानेच मनाई केली. असा निर्णय गावाला पचतो, कारण आकडा सर्वांसमोर मोजलेला असतो. आंध्रातल्या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत याच शतकाच्या पहिल्या दशकात शेतकऱ्यांनी, त्यात बायकांनीही, स्वतः विहिरींची पातळी आणि पाऊस नोंदवून पिकांचे नियोजन केले. त्यातले कित्येक फारसे शिकलेले नव्हते.

आता आपल्या शिवारात दहावीची मुले काय करू शकतील ते पाहा. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधायचे, खालच्या हातभर भागाला खडू चोळायचा, विहिरीच्या काठावर रंगाने एक कायमची खूण करायची आणि त्या खुणेपासून पट्टी खाली सोडायची. खडू जिथवर भिजला तिथे पाणी. एवढाच खर्च. आता हिशेब करू. बेसाल्टच्या कुजलेल्या थरात शंभर भागांत साधारण दोनच भाग असे असतात की ज्यांतले पाणी आपल्याला उपसता येते. म्हणजे १०० हेक्टर शिवाराखाली पातळी १ मीटर वर आली, तर हाती आलेले पाणी १० लाख घनमीटर नव्हे, फक्त २० हजार घनमीटर. आणि उसाला वर्षाला, पाऊस धरून, २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे हेक्टरी २० हजार घनमीटर. शंभर हेक्टरांखालची १ मीटर पातळी म्हणजे १ हेक्टर ऊस! विहीर दोन परस वर आली म्हणून गावभर लागण करणाऱ्या आपल्या माणसाला हे गणित कोणी सरकारी अधिकाऱ्याने सांगितले तर तो ऐकणार नाही. घरच्या पोरीने मोजून, मांडून दाखवले तर त्याला ऐकावे लागेल.

आणि हे काम आत्ताच का, याला राहाता-संगमनेर-कोपरगाव पट्ट्यात खास कारण आहे. निळवंड्याला १९७० साली मंजुरी मिळाली. डाव्या कालव्यात पाणी यायला २०२३ साल उजाडले, आणि त्या वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दोन पिढ्या वाट पाहिलेले पाणी जिरायती रानात येऊ लागले आहे. आम्हाला त्याचा आनंद आहे. पण गोदावरी आणि प्रवरेच्या जुन्या कालव्यांवर काय झाले तेही आपण पाहिले आहे. खोल काळ्या रानात वर्षानुवर्षे पाणी मुरले, निचरा नव्हता, खालची पातळी वर वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले आणि सोन्यासारख्या जमिनी चोपण झाल्या. चोपण एका रात्रीत होत नाही. पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत येऊ लागली की धोक्याची घंटा वाजलेली असते. ती ऐकायला कोणी विहिरीत डोकावत नाही. नव्या कालव्याच्या गावांत आजपासून दर महिन्याची नोंद ठेवली तर ही घंटा वेळेवर ऐकू येईल. आज ठेवली नाही तर पुढे कितीही पैसा खर्च केला तरी आजची पातळी कोणालाही सांगता येणार नाही.

सरकार मोजत नाही का? मोजते. १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेत आली आहे. ती नोंद मोलाची आहे. पण एका पाणलोटात दोन-तीन विहिरी मोजून तुमच्या ओढ्याकाठचे आणि माझ्या माळावरचे वेगवेगळे उत्तर मिळत नाही. ती जागा गावच्या पोरांनीच भरून काढायची आहे, आणि आपले आकडे यंत्रणेच्या आकड्यांशेजारी ठेवून दोघांची परीक्षा घ्यायची आहे.

आमचे काही जुने सहकारी म्हणतील, "भावाची लढाई सोडून हे कुठले पोरखेळ काढलेत?" लढाई सुटलेली नाही. १ जून २०१७ ला याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याने शेतकरी संपाची हाक राज्याला दिली, हे कोणी विसरलेले नाही. पण उत्पादन खर्च काढताना कोरड्या गेलेल्या बोअरचा पैसा आपण कुठे धरतो? भाव बांधून मिळाला आणि तो फुटाच्या दराने जमिनीत घातला, तर हाती काय उरणार?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "पोरे मोजतील, आकडे दुसरेच कोणी नेतील आणि नाव त्यांचे होईल." हे होते. पोरांना फुकटचे मापाडी समजणारे प्रकल्प आम्ही पाहिले आहेत: वर्षभर आकडे गोळा केले, अहवाल कुठल्या भाषेत निघाला हेसुद्धा मुलांना कळले नाही. संशोधन म्हणजे आकडा टिपणे नव्हे. प्रश्न मुलाने विचारायचा, आकडा मुलाने घ्यायचा, अर्थ मुलाने लावायचा आणि चुकला तर भर बैठकीत तोही त्यानेच कबूल करायचा. यातला एक तुकडा काढून घेतला तर उरते ती वेठ.

तिसरा आक्षेप आयांचा. "यातून नोकरी लागेल का?" खोटी आशा आम्ही देणार नाही. जागा थोड्या आहेत. पण केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांची स्वतंत्र परीक्षा घेतो, त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते. राज्याची भूजल यंत्रणा आहे, पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्था आहेत. त्या जागांवर कोणी तरी बसणारच आहे. ज्याने कधी विहिरीत पट्टी सोडली नाही असा माणूस बसण्याऐवजी आपली पोर बसली तर आपल्या शिवाराचे बरे होईल की वाईट? आणि ज्याला पुढे शिकता आले नाही तो घरी परतला, तरी तो पुढचे बोअर डोळे मिटून घेणार नाही.

म्हणून शिर्डीच्या बैठकीपुढे आम्ही हा ठराव ठेवीत आहोत.

एक : प्रत्येक शाखेने आपल्या भागातली एक माध्यमिक शाळा किंवा आश्रमशाळा धरावी आणि दहा विहिरी निवडाव्यात. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटारी सुरू होण्यापूर्वी, पातळी मोजावी. कठडा नसलेली विहीर घेऊ नये. मोठे माणूस सोबत असल्याशिवाय पोराने काठावर जाऊ नये. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक असावा.

दोन : मोजणाऱ्या गटात निम्म्या मुली असाव्यात, आणि भूमिहीनांची मुले पहिल्यांदा घ्यावीत. ज्याच्या बापाची विहीर आहे त्याचाच पोरगा पट्टी धरील, असे होता कामा नये. मजुराच्या पोराचा सुट्टीचा दिवस म्हणजे घरचा रोज. तो बुडाला तर शाखेने भरून द्यावा.

तीन : जो सभासद बोअर किंवा विहीर घेईल त्याने दर दहा फुटांना भुकटीचा नमुना पिशवीत भरून, खोली लिहून शाळेला द्यावा. बोअर कोरडे गेले तर नमुने आधी द्यावेत. कोरड्या बोअरची लाज कसली? तेच जास्त शिकवते.

चार : मुलांनी आपले काम वर्षातून एकदा जिल्हा बैठकीत स्वतः उभे राहून मांडावे आणि ते त्यांच्या नावानिशी या पत्रात छापावे. १० ते १७ वयाच्या मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरत आली आहे. ती जेव्हा भरेल तेव्हा आपल्या गटांनी तिथेही उतरावे.

पाच : जी मुले-मुली पुढे भूशास्त्र, मृदाशास्त्र किंवा भूजल शिकू पाहतील त्यांच्या प्रवेशाची, वसतिगृहाची आणि पहिल्या वर्षीच्या इंग्रजीच्या धास्तीची जबाबदारी शाखेने घ्यावी. राहुरीचे कृषी विद्यापीठ दारात आहे. तिथल्या आपल्या ओळखीच्या मास्तरांना वर्षातून दोनदा शिवारात आणावे. आम्ही स्वतः त्यांच्याकडे जाऊन पदर पसरायला तयार आहोत.

शेवटी त्या वहीकडे परत येतो. ती मुलगी आता दहावीत आहे. तिला शास्त्र शाखेला जायचे आहे. बागेवर तीन बोअरचे कर्ज आहे, घरात लग्नाची बोलणी निघू लागली आहेत, आणि बापाचे म्हणणे असे, की शास्त्र शाखेचा खर्च झेपणार नाही. बाप वाईट नाही. त्याची बाग आम्ही पाहिली आहे. बैठकीला तो येणार आहे. मुलीलाही घेऊन या, असे आम्ही त्याला सांगितले आहे. वहीसकट आणा, असेही. बैठकीतले पहिले भाषण अध्यक्षांचे नसेल. ती आपल्या वहीतले रंग वाचून दाखवील आणि तिने आम्हाला विचारलेला प्रश्न सर्वांना विचारील. मंडपातल्या कोणाकडे उत्तर असेल तर त्याने उठून द्यावे. नसेल तर ठरावाच्या बाजूने हात वर करावा, आणि घरी जाताना गावच्या शाळेसाठी एक मोजपट्टी विकत घ्यावी.